वंशवृक्ष भरायला घेताय? पूर्वज विकणाऱ्यापासून सावध

गोव्यात सध्या एक गृहस्थ हस्तकलेच्या प्रदर्शनांतून आणि व्हॉट्सॲपवरून ‘वंशवृक्ष पॅकेज’ विकत फिरतोय. पोर्तुगीज काळातल्या कागदांतून तुमचे पूर्वज तो शोधणार, त्यांचा क्रॉस स्टिचचा (फुलीच्या टाक्यांचा) ग्राफ, म्हणजे चौकटींवरचा आराखडा काढणार, कापड-धागे घरपोच देणार. आपण फक्त भरत बसायचं. माझे पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की त्याचं गिऱ्हाईक गोव्यातच का सापडतं. आमची कुळदेवी म्हाळसा. सोळाव्या शतकात ती वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, मंगेश १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीहून प्रियोळला. देवांबरोबर माणसंही नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंडा भागात आली. त्यामुळे चार-पाच पिढ्यांपलीकडचं काही विचारलं की घरोघरी उत्तर ठरलेलं: ‘ते कागद पोर्तुगिजांकडे असणार.’ हा माणूस नेमका या वाक्यावर जगतो.

चवथीला मूळ घरी सगळा गोतावळा जमतो. गणपतीच्या खोलीत लावायला मला मोठा वंशवृक्ष भरायचा होता. १४ काउंटचं आयडा कापड, म्हणजे इंचाला १४ फुल्या. २० इंच रुंदीला आडवी २८० घरं. एवढ्यात सात-आठ नावांची एक ओळ बसवायची, वर काना-मात्रा-वेलांटीला जागा ठेवायची, म्हणजे डोक्याला ताप. इंग्रजी अक्षरांचे तयार ग्राफ ढिगाने मिळतात, देवनागरीचे शोधावे लागतात. ‘नावं आम्ही बसवून देतो’ हे ऐकून कुणीही हात पुढे करील.

सुरुवातीला निम्मे पैसे घेतले. मग ‘पुराभिलेखातून नकला काढायचा खर्च’, मग ‘लिस्बनहून स्कॅन मागवलंय’. दरवेळी यूपीआयवर वेगळंच नाव. पावती मागितली की ‘काम पूर्ण झालं की एकदमच देतो, ताई.’ एक गोष्ट मात्र त्याने कधीच विचारली नाही: कुळदेवता कुठली, मूळ गाव कुठला? गोव्यात लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूससुद्धा वरण वाढायच्या आत हे विचारतो. पूर्वज शोधणाऱ्याला त्याची गरज पडत नसेल, तर तो शोधतच नाहीये हे पक्कं समजा.

पार्सल आलं ते दिसायला झकास. ग्राफ, कापड, धाग्यांच्या लडी आणि पुरावा म्हणून पोर्तुगीज कागदांच्या झेरॉक्स, त्यांवर मार्करने पिवळी केलेली नावं. घरात पोर्तुगीज कुणालाच येत नाही. मी तळाचं तुळशीवृंदावन भरलं, खोड भरलं, मग फांद्यांवरची नावं वरच्या पिढीपर्यंत नेली.

बिंग फोडलं ते आमच्या शेजारच्या आजींनी. त्या मुक्तीआधीच्या, सेगुंद ग्राव म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळा शिकलेल्या. काम बघायला आल्या, कागद चष्म्याजवळ धरला, दोन ओळी वाचल्या आणि हसायलाच लागल्या. ‘अगो, ही तर शेतांची पावणी!’ साष्टीतल्या कुठल्याशा कोमुनिदादीने (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेने) शेतं लिलावाने दिली होती, त्याची ती यादी. पिवळी केलेली नावं बोली लावणाऱ्यांची. पणजोबांचे पणजोबा म्हणून मी ज्यांना हिरव्या पानांत बसवलं, ते कुणा भलत्याच घरचे शेतकरी निघाले. चौकशी केली तर डिचोलीच्या एका बाईंकडेही तीच झेरॉक्स आणि वरच्या तीन पिढ्या तशाच्या तशा. आडनाव वेगळं, कुळदेव वेगळा!

धागेही तसलेच. डीएमसी कंपनीच्या धाग्यात ३१० नंबर म्हणजे काळा, हे भरतकाम करणाऱ्या कुणालाही झोपेत विचारा. त्याच्या ३१० च्या लडीला उन्हात धरलं तर तपकिरी झाक. लड ८ मीटरची असायला हवी, ही मधेच गाठ मारून जोडलेली. लाल धाग्याची परीक्षा अशी घ्या: पांढरं सुती फडकं ओलं करून धाग्यावर घट्ट दाबा. माझं फडकं लगेच गुलाबी झालं. भरून झाल्यावर धुतलं असतं तर वृंदावनासकट सगळी होळी झाली असती. अनोळखी माणसाकडून धागा घेतलात तर पहिला टाका घालायच्या आत हे करा.

आता नावं खरोखर कुठे मिळतात ते. देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे देवस्थानात हक्क असलेल्या घराण्यांच्या यादीपासून सुरुवात करा. घरात वाटण्या झाल्या असतील तर इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसा-वाटणीचे कागद काढा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे वारसांची नावं त्यांत नात्यासकट येतात. त्र्यंबकेश्वरी किंवा काशीला कुणी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. पणजीचं पुराभिलेख खातं १५९५ पासूनचं, तिथे पोर्तुगीजबरोबर मोडीतलेही कागद आहेत. पण तिथे स्वतः जा, किंवा ओळखीचा जाणकार धाडा. कागद हातात आला की दुसऱ्याच कुणाकडून वाचून घ्या, पैसे घेणाऱ्याकडून नको.

पैसे गेले असतील तर लाजत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. माझी तक्रार नोंदली आहे, त्याचा नंबर बंद आहे, पैसे अजून आलेले नाहीत. वरच्या तीन पिढ्यांची नावं मागच्या बाजूने कापून, चिमट्याने धागे ओढून उसवली. पानं रिकामी ठेवली आहेत. काकांनी देवळातून मिळवलेली दोन नावं तेवढी खात्रीची, ती चांगल्या धाग्याने भरली.

आणि एक. भरत असताना मी त्याला कौतुकाने फोटो पाठवले होते. त्यातलाच एक तो आता दुसऱ्या नंबरावरून ‘आमच्या समाधानी ग्राहकाचं काम’ म्हणून फिरवतोय. तळाशी तुळशीवृंदावन, त्याच्या उजव्या कोपऱ्यावरची विटांची ओळ एका फुलीने सरकलेली. असा फोटो आला तर पैसे पाठवू नका, तो नंबर पोलिसांना द्या.