रोममधील कॉफीचे ६९ युरो

मे २०२४ मध्ये रोम येथे त्रेवी कारंज्याजवळच्या एका कॅफेने आम्हा चौघांकडून तीन कापुचिनो, एक ग्लास दूध आणि पाण्याच्या दोन बाटल्या यांचे ६९ युरो घेतले. मी तीस वर्षे इतरांची बिले तपासण्याची नोकरी केली आहे, त्यामुळे हे लिहिताना शरम वाटते; पण गप्प बसवत नाही.

इटलीत काउंटरपाशी उभ्याने घेतलेल्या कॉफीचा दर कमी आणि टेबलावर बसून घेतलेल्या कॉफीचा दर जास्त असतो, हे मला ठाऊक होते. त्यात गैर काही नाही. दोन्ही दर दर्शनी भागात लावलेले असले पाहिजेत, एवढेच. आपल्याकडेही वातानुकूलित विभागाचे दर वेगळे असतात आणि तशी पाटी असते. या कॅफेतही पाटी होती. ‘बांको’ म्हणजे काउंटरच्या रकान्यात कापुचिनो १.६० युरो होती. शेजारच्या ‘ताव्होलो’ या टेबलाच्या रकान्यावर मात्र आइस्क्रीमच्या जाहिरातीचा कागद चिकटवलेला होता. पत्नीला तो दिसला. “अहो, बसायचे किती घेतात ते आधी विचारा,” असे तिने मला स्पष्ट सांगितले, आणि मी विचारले नाही. आई ७१ वर्षांची, कोलोसियमपासून चालून तिचे गुडघे सुजलेले, आणि वेटरने तिच्यासाठी खुर्ची ओढलीसुद्धा होती. अशा वेळी तिला ताटकळत ठेवून दरांची चौकशी करणे कोणत्या मुलाला जमले असते? त्याने हाती दिलेल्या कार्डावर नुसती चित्रे होती. निदान तेव्हा तरी मी उठायला हवे होते. कार्डावर आकडे नसतील तिथे पाणीसुद्धा मागू नका.

मुलीने ‘लात्ते’ मागितले आणि तिच्यापुढे नुसते दूध आले. तिथे लात्ते म्हणजे दूधच. कॉफी घातलेले हवे असेल तर ‘काफ्फेलात्ते’ म्हणावे लागते. ही चूक आमची.

बिल म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी आली. कापुचिनो प्रत्येकी ९.५०, दूध ७, पाण्याची बाटली ६ युरो, असे ४७.५० झाले, त्यावर २० टक्के सेवाशुल्क ९.५० आणि ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबल मांडल्याचे, माणशी ३ प्रमाणे १२. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येते, तिथे कोपेर्तो आकारण्यास २००६ च्या प्रादेशिक कायद्याने मनाई आहे, हे मला घरी परतल्यावर कळले. छापील पावती, ‘स्कोंत्रीनो’, मागितल्यावर यंत्र बिघडल्याचे सांगण्यात आले. ती मिळेपर्यंत कार्ड खिशातून काढू नका. वेटरने कार्डाचे यंत्र माझ्यापुढे धरण्याआधीच रुपयांचा पर्याय दाबला होता, त्यामुळे युरोचा भाव नव्वदच्या आसपास असताना माझ्याकडून ९६ रुपयांनी ६,६२४ रुपये वसूल झाले. परदेशात यंत्रावर नेहमी स्थानिक चलनच निवडावे, आणि तेही स्वतःच्या हाताने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तिथे गेलो. जाहिरातीचा कागद काढलेला होता आणि टेबलावरच्या कापुचिनोचा दर ४.५० युरो होता. मी फोटो काढला. चौकातल्या गणवेशधारी कर्मचाऱ्याने फोटो न पाहताच ठाण्याकडे बोट दाखवले; ठाण्यात पाऊण तास बसवून इटालियन भाषेतला अर्ज पुढे केला आणि फोटो आदल्या दिवशीचा नसल्याचे सांगितले. सहल कंपनीने मोकळ्या वेळेतल्या खर्चाची जबाबदारी झटकली. माझ्याच बँकेने, जिथे माझे २२ वर्षांचे खाते आहे, दोन तक्रारींना शब्दशः एकच उत्तर पाठवले: पिन टाकला, म्हणजे व्यवहार आपल्या संमतीने झाला. चिठ्ठीतली बेरीज, फोटोतला ४.५० चा दर, मनाई असलेले १२ युरो, यांपैकी एकाही मुद्द्याचा त्यात उल्लेख नाही. तिसरी तक्रार मी मुद्द्यांना क्रमांक देऊन पाठवली आहे.