जळगावातील एका निदान केंद्रातील ‘सीएसएफ फ्लो’ तपासणीचा अनुभव

यंदा आखाजीला माझी मोठी बहीण माहेरी, अमळनेरला आली होती. खापरावर मांडे टाकताना तिच्या डाव्या मनगटाला तापलेल्या खापराची कड लागली, कातडी लाल होऊन फोड आला, आणि आईने हात धरून दाखवेपर्यंत ताईला त्याचा पत्ताच नव्हता. त्याच हाताला मांड्याच्या कणकेचा मऊपणा मात्र नीट कळत होता. खोकला किंवा शिंक आली की डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका उठतो, ही तिची तक्रार तर दोन वर्षांपासूनची. आम्ही ती मानेच्या शिरेवर ढकलत आलो होतो.

न्यूरोसर्जन डॉक्टरांनी चिठ्ठीवर मानेच्या एमआरआयबरोबर ‘सीएसएफ फ्लो स्टडी’, म्हणजे मेंदू आणि पाठीच्या कण्यातील द्रवाचा प्रवाह पाहणारी तपासणी, असे स्पष्ट लिहून दिले. पहिल्यांदा ज्या केंद्रात गेलो तिथे साधा एमआरआय काढून आम्हाला वाटेला लावले. रिपोर्टमध्ये प्रवाहाचा शब्दही नव्हता आणि विचारल्यावर ‘ते यातच येतं’ असे उत्तर मिळाले. ते यात येत नाही. ही दोन वेगळी कामे आहेत, आणि हा फरक माहीत नसल्यामुळे आमचे पंधरा दिवस व एका तपासणीचे पैसे गेले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मेंदू आणि मेरुरज्जू (कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा जुडगा) यांच्याभोवती प्रौढ माणसात सुमारे 150 मिलिलिटर मेरुद्रव, म्हणजेच सीएसएफ, असतो आणि दिवसाला साधारण 500 मिलिलिटर नवा तयार होऊन तेवढाच शोषला जातो. पण त्याची मुख्य हालचाल पाटाच्या पाण्यासारखी एका दिशेची नसते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मेंदूत रक्त शिरते, कवटी तर ताणली जात नाही, त्यामुळे काही द्रव खाली पाठीच्या कण्याकडे सरकतो आणि ठोका ओसरला की पुन्हा वर येतो. ताईच्या साध्या एमआरआयमध्ये लहान मेंदूची खालची टोके कवटीच्या तळाच्या छिद्रातून 11 मिलिमीटर खाली उतरलेली दिसली होती. प्रागमध्ये काम करणाऱ्या हान्स किआरी यांनी 1891 मध्ये ज्या विकृतीचे वर्णन केले, तीच ही. तिच्या मेरुरज्जूच्या आत द्रवाची लांबट पोकळीही झाली होती. वेदना आणि उष्णता यांचे संदेश नेणारे तंतू मेरुरज्जूच्या मध्यातून पलीकडे जातात व ही पोकळी नेमके त्यांनाच दुखावते, म्हणून स्पर्श कळतो पण चटका कळत नाही. त्या छिद्रापाशी द्रवाची वाट खरोखर किती अडली आहे, हे मात्र स्थिर चित्रावरून मोजता येत नव्हते.

जळगावच्या दुसऱ्या केंद्रात जाण्यापूर्वी मी फोनवर एकच प्रश्न विचारला : नाडीच्या ठोक्याशी जुळवून फेज कॉन्ट्रास्ट (एमआरआयवर द्रवाचा वेग आणि दिशा मोजण्याची पद्धत) करता का? तिथल्या टेक्निशियनने होकार तर दिलाच, शिवाय जुनी सीडी बरोबर आणायला सांगितली. तपासणीत त्यांनी ताईच्या बोटाला नाडीचा सेन्सर लावला. एसीमुळे बोटे गार पडली होती आणि पडद्यावर नाडीची रेघ तुटक येत होती; तशीच घाई न करता त्यांनी तिचा हात ब्लँकेटमध्ये गुंडाळून दहा मिनिटे थांबणे पसंत केले. या कामात ती रेघच सगळ्याचा पाया असते, कारण अनेक ठोक्यांतून गोळा केलेली माहिती एकाच ठोक्याच्या टप्प्यांवर बसवून चित्र तयार होते. इंजेक्शन द्यावे लागले नाही, आणि एमआरआयमध्ये क्ष-किरणांचा तर प्रश्नच नसतो.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. मशीनवर आधी वेगाची मर्यादा ठरवावी लागते आणि द्रव त्याहून वेगाने गेला, तर चित्रात त्याची दिशाच उलटी दिसते. एका दिशेचा प्रवाह पांढरा, उलट दिशेचा काळा आणि न हलणारा भाग राखाडी दिसतो. पहिल्या फेरीत सेकंदाला 10 सेंटिमीटर ठेवल्यावर पांढऱ्या पट्ट्यात मध्येच काळा डाग दिसला, तेव्हा रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मर्यादा वाढवून ती फेरी पुन्हा करून घेतली. नंतर त्यांनी आम्हाला पडद्यावर दाखवले : मेरुरज्जूच्या पुढच्या बाजूने द्रव चिंचोळ्या जागेतून जोराने जात-येत होता, आणि मागच्या बाजूला, लहान मेंदूच्या टोकांपाशी, राखाडी रंग हलतच नव्हता. बहिणीचा आजार असा डोळ्यांसमोर पाहताना माझ्या अंगावर काटा आला.

उणिवाही सांगतो. रिपोर्टला तीन दिवस लागले. सीडीवर केवळ स्थिर चित्रे होती. हलती चित्रे डॉक्टरांना हवी होती, ती घेण्यासाठी मला पेन ड्राइव्ह घेऊन अमळनेरहून पुन्हा यावे लागले. वेगाची मर्यादा किती ठेवली होती, हे रिपोर्टमध्ये छापलेले नव्हते. मागितल्यावर लिहून दिले. शुल्क साध्या एमआरआयपेक्षा दोन हजारांनी जास्त पडले, पण काम पाहता ते मला अवाजवी वाटले नाही.

शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टरांनी या एका तपासणीवर घेतलेला नाही; ताईचा त्रास, मेरुरज्जूतील पोकळी आणि अडलेला प्रवाह असे तिन्ही एकत्र पाहून त्यांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे. त्यानंतर काही महिन्यांनी तुलनेसाठी हीच तपासणी पुन्हा करायची आहे. ती आम्ही याच केंद्रात, वेगाची तीच मर्यादा लिहिलेला कागद बरोबर नेऊन करणार आहोत.