नौपाड्यातलं व्यसनमुक्ती समुपदेशन केंद्र, दादासाठी जातोय त्याचा अनुभव

ज्यांच्या घरात कोणी पितं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. ठाणे वेस्टला नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मोठ्या भावाला याआधी दुसऱ्या एका ठिकाणी ॲडमिट केलं होतं, नाव नाही घेत. तिथे दारू सुटली, वजन वाढलं, घरी आला आणि गणपतीत परत सुरू. तिथे रोज एकच ऐकवायचे, बायकोपोरांचा विचार कर. अहो तो विचार डोक्यातून जात नाही म्हणून तर प्यायचा तो.

इथल्या मॅडमनी किती पिता, कधीपासून पिता वगैरे विचारलं आणि मग म्हणाल्या, प्यायल्यावर बरं काय वाटतं ते सांगा. दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, डोक्यातले आवाज बंद होतात. इतकी वर्षं घरात आरडाओरडा, शपथा, अंगारे सगळं झालं पण हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मग एक वही करायला लावली. प्यावंसं वाटलं की त्याआधीच्या तासाभरात काय झालं ते लिहायचं, भूक लागली होती का, राग आला होता का, एकटं वाटत होतं का, दमला होता का. एका शुक्रवारी त्याने लिहिलं होतं, "वागळे इस्टेटला कामावर साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. जेवलो नव्हतो. तीन हात नाक्याला उतरलो तर घसा आवळल्यासारखा झाला." मॅडम त्या घशापाशीच थांबल्या, म्हणाल्या असं आधी कधी व्हायचं? आणि दादा एकदम बाबांवर आला. बाबा गेले तेव्हा तो दहावीत, जो येईल तो सांगत होता तू आता घरातला कर्ता, रडायचं नाही, आईकडे बघायचं. आणि तो खरंच रडला नव्हता. त्या दिवशी रडला, मला तर धडकीच भरली, पण मॅडमनी घाई केली नाही, पाणी पुढे केलं आणि बसून राहिल्या.

आईचं सारखं चालायचं की त्याला मित्रांनी बिघडवलं, लहानपणीचं काय घेऊन बसलात. तेव्हा मॅडमनी तिला १९९८ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, सॅन डिएगोचा, साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं होती. लहानपणी मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, घरात पिणारं माणूस अशा गोष्टींपैकी चार किंवा जास्त प्रकार ज्यांनी सोसले त्यांना दारू, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट दिसला. हेही स्पष्ट सांगितलं की असं बालपण गेलेला प्रत्येक जण पितोच असं नाही, आणि कारण कळलं म्हणून दादाची जबाबदारी संपली असंही नाही. आई आता निदान टोमणे मारत नाही, आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

एक फार महत्त्वाचं, सेशन सुरू करायच्या आधी त्यांनी डॉक्टरकडे पाठवलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेतू शकतं, त्यामुळे घरात कोंडून दारू सोडवायला जाऊ नका प्लीज.

दिवाळीत एकदा घसरला. पण स्वतःच फोन करून सांगितलं, लपवलं नाही, मॅडमनीही फैलावर घेतलं नाही, वहीतलं त्या दिवसाचं पान काढून बसल्या.

तक्रारी आहेत. वेटिंगची जागा एवढीशी की आतलं बोलणं थोडं ऐकू येतं, अशा ठिकाणी हे चालायलाच नको. शनिवारचे स्लॉट मिळत नाहीत, नोकरीवाल्यांनी काय करायचं? फी सेशनला बाराशे, सगळ्यांना झेपणारी नाही. दर आठवड्याला मोजताना आम्हालाही जड जातं. आणि महिनाभरात रिझल्ट पाहिजे असेल तर इथे जाऊ नका, वेळ लागतो.

पैशाची अडचण असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचाच गट, त्यांच्या मीटिंगला फी नसते, घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे, वहिनीला तिथे खूप आधार मिळाला. सरकारी हेल्पलाइन १४४४६, टोल फ्री आहे.