काझात हिवाळा काढल्यावर: भाड्याच्या मातीच्या घराचा अनुभव

सप्टेंबर ते एप्रिल हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझाला राहिलो. गावाची उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. तिथे राहायला जायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एकच: खिडकीतून काय दिसतं ते नंतर बघा, आधी घर कशाचं आहे आणि ऊन कुठून येतं ते बघा.

माझं घर जुनं, जाड मातीच्या भिंतींचं, दक्षिणेला मोठ्या काचा. जानेवारीतही दुपारी स्वेटर काढून बसायचो. रात्री बाहेर उणे २० च्या खाली जायचं, पण बुखारी (खोली तापवायची शेगडी) विझली तरी भिंतींची ऊब पहाटेपर्यंत टिकायची. समोरच्या नव्या सिमेंटच्या घरात बुखारी विझली की लगेच गारठा.

संडास कोरडा. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, जमिनीला भोक, कोपऱ्यात माती आणि राखेचा ढीग, शेजारी फावडं. उरकलं की दोन फावडी माती ढकलायची, बस्स. वास येत नाही, आणि थंडी सरली की खालचं खत शेतात जातं. ज्यांच्याकडे फ्लश होते त्यांचे पाइप गोठले. नळही गोठतात, तेव्हा पाणी बादल्यांनी आणायचं. हे काम खरंच जड आहे. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तूरडाळीला कुकर हवाच.

अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला म्हणून हिवाळ्यात मनालीहून पोचू, असं धरून चालू नका. तो रोहतांग खिंडीखालून जातो. पुढची ४,५५१ मीटरवरची कुंझुम खिंड बर्फाने बंदच असते. मग उरतो किन्नौर जिल्ह्यातून येणारा रस्ता, तोही दरड कोसळली की अडतो.

जागा विकत घ्यायचा विचार तर सोडूनच द्या. हिमाचलच्या १९७२ च्या जमीन कायद्याच्या कलम ११८ मुळे बाहेरच्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. आपला सातबारा तिथे चालत नाही, शेतकरी हिमाचलचाच लागतो. मला हा कायदा योग्य वाटतो. एवढ्याशा खोऱ्यात लागवडीची जमीन आहेच किती!

भाड्याचं ठरवताना मालक हिवाळ्यात गावात असतो का, हे नक्की विचारा. छप्पर सपाट आणि मातीचं असतं. बर्फ पडला की लगेच वर चढून तो लोटावा लागतो, नाहीतर वितळून पाणी थेट अंथरुणावर गळतं. आमचे मालक उजाडायच्या आत फावडं घेऊन वर गेलेले असायचे.