मेंदूचं जाळं: जोडणी पाहायची की मेळ?
मेंदूचं जाळं, म्हणजे त्याचा कोणता भाग कोणाशी जोडलेला आहे हे, आखायला मुख्यतः दोन तऱ्हेचे एमआरआय वापरतात. डिफ्यूजन एमआरआय पाण्याचे रेणू कुठल्या दिशेने सहज सरकतात यावरून चेतातंतूंच्या जुड्या शोधतो. पण तंतू एकमेकांना छेदतात तिथे तो गडबडतो, आणि संदेश कुठून कुठे जातो हे त्याला मुळीच कळत नाही.

फंक्शनल एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार टिपतो. दोन भागांचे जुळले की दुवा धरायचा. १९९५ मध्ये संशोधक भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी स्वस्थ पडलेल्या माणसांतही डाव्या-उजव्या हालचाल-केंद्रांचा असा मेळ दाखवला. मात्र मेळ म्हणजे थेट जोडणी नव्हे. तिसराच भाग दोघांना नाचवत असेल!

पक्षाघातात कोणता मार्ग तुटला हे पाहायला मी पहिला निवडेन. विश्रांतीतला मेंदू समजायला दुसराच हवा.