रामटेकच्या गडावर गेलात तर नरसिंह बघूनच या

रामटेकच्या गडमंदिराला माझ्याकडून पाचपैकी पाच. व्यवस्थेला विचाराल तर तीन.

नागपूरहून जबलपूर रोडने कामठी, कन्हान करत मनसरला उजवीकडे वळायचं, साधारण ५० किलोमीटर. गाडी बरीच वर जाते, म्हणून सासूबाईंना नेता आलं. पण गुडघे धड असतील तर अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनीच चढा. तलाव, त्याच्या काठची देवळं आणि मागचे डोंगर हळूहळू खाली जाताना दिसतात, ते गाडीतून दिसत नाही.

वर आधी लक्ष्मणाचं देऊळ, मग रामाचं. सासूबाई लक्ष्मणाला हात जोडल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाहीत. "पहारेकऱ्याला ओलांडून धन्याकडे जाऊ नये बाई," म्हणतात. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी १८व्या शतकात इथला जीर्णोद्धार केला. गाभाऱ्यापाशी गर्दीत ढकलाढकली झाली, तरी दर्शन मनासारखं झालं.

मला खरं सांगायचंय ते कोटाबाहेरच्या दोन नरसिंह मंदिरांबद्दल. वराहाच्या मोठ्या दगडी मूर्तीच्या पोटाखालून मुलांना काढायला सगळे थांबतात, आणि इथे कुणी फिरकत नाही! केवल नरसिंहाची मूर्ती लाल दगडाची, चांगली भव्य. एक गुडघा वर घेऊन देव निवांत बसलाय, हातात चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, म्हणून तर केवल. अंधाराला डोळे सरावले की आधी आयाळ दिसते, मग तो गुडघा. ही देवळं विदर्भातल्या वाकाटक राजांच्या काळातली, पाचव्या शतकातली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे दिली होती. तिच्या ऋद्धपूरच्या ताम्रपटात रामगिरीस्वामीच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायांचा उल्लेख आहे. म्हणजे आपण जिथे माथा टेकतो, त्या टेकडीवरच्या देवाला तीही मानत होती. हे कळल्यापासून तिथून निघायला माझा पाय उचलत नाही. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. कालिदासाचं स्मारकही जवळच आहे, वेळ असेल तर बघा.

आता तक्रार. पायथ्याच्या एका दुकानात "चपला इथे ठेवा" म्हणत हार-नारळ गळ्यात मारतात, आणि देतात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. वर वानरं ती पिशवी बरोबर ओळखतात. आमच्यापुढच्या एका काकूंच्या हातातून ओढून नेली, घाबरून त्या पायरीवर बसल्याच. प्रसाद कापडी पिशवीत, झाकून न्या. वानराने धरलीच, तर सोडून द्या, ओढाताण करू नका. आणि रिकामी पिशवी गडावर टाकू नका हो, नरसिंहाच्या देवळामागेसुद्धा त्यांचा ढीग होता.

त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत गड उजळतो, पण म्हाताऱ्या माणसांना तेव्हा नेऊ नका. थंडीत, सकाळी लवकर, शनिवार-रविवार सोडून जा. पाणी घरूनच घ्या.