डी-डायमरचं लॅटेक्स किट: आठ महिने वापरल्यानंतर

डी-डायमर म्हणजे रक्ताची गाठ तुटताना सुटणारा तुकडा; तो रक्तात किती आहे ते हे किट मोजतं. आधी आम्ही काचेवर प्लाझ्मात (पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या द्रवात) अँटिबॉडी लावलेल्या लॅटेक्स कणांचा थेंब मिसळून कणांच्या गुठळ्या दिसतात का ते डोळ्यांनी बघायचो. फिकट असल्या की दोघांची दोन मतं. आता मशीन कण एकत्र आल्यामुळे होणारा गढूळपणा मोजतं आणि काही मिनिटांत आकडा देतं. एवढ्यासाठीच हे किट मला आवडतं.

रक्ताची गाठ पक्की होताना फॅक्टर 13 हा रक्तातला घटक फायब्रिनचे, म्हणजे गाठीतल्या धाग्यांचे, डी भाग एकमेकांना जोडतो. प्लाझ्मिन हे एन्झाइम गाठ तोडतं तेव्हा ती जोडी तशीच सुटून रक्तात येते; तीच डी-डायमर. किटमधली मोनोक्लोनल अँटिबॉडी नेमकी तीच पकडते, फायब्रिनोजेनला (प्लाझ्मातल्या, फायब्रिन ज्यापासून बनतं त्या प्रथिनाला) नाही. म्हणून निळ्या झाकणाच्या सिट्रेट ट्यूबमधला प्लाझ्मा थेट चालतो. जुन्या एफडीपी टेस्टला (फायब्रिन-फायब्रिनोजेनचे सगळे तुकडे मोजणाऱ्या) सीरमच, म्हणजे रक्त गोठून फायब्रिनोजेन निघून गेलेला द्रवच, लागायचं, कारण तिच्या अँटिबॉडीज फायब्रिनोजेनलाही चिकटायच्या.

कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, बहुतेक दिवस व्यवस्थित लागतात. त्रास झाला तो युनिटचा. एका पेशंटचा बाहेरचा रिपोर्ट 310 होता, पुढे फक्त 'नॅनोग्रॅम'. डॉक्टरांनी तो 500 च्या कटऑफशी ताडून नॉर्मल धरला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे 640 आला आणि फोन खणखणला. चौकशी केली तर बाहेरचा आकडा डीडीयूमध्ये (डी-डायमरच्याच वजनात), आमचा आणि 500 चा कटऑफ एफईयूमध्ये (ज्या फायब्रिनोजेनपासून तो आला त्याच्या वजनात). एफईयू साधारण दुप्पट भरतं, म्हणजे पहिला रिपोर्टही वाढलेलाच होता! तेव्हापासून आकड्याशेजारी युनिट ठळक छापतो. शिवाय प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी वेगळी जागा ओळखते, त्यामुळे युनिट एक असलं तरी दोन किटचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

दुसरा प्रसंग संधिवाताच्या एका बाईंचा. 3,200 आला, पण गाठीची लक्षणं नाहीत: पाय सुजलेला नाही, दम नाही. सॅम्पल दुप्पट पातळ केलं, गुणून 1,900. चौपट केलं, 1,100. खरा डी-डायमर असता तर गुणल्यावर आकडा जवळपास तोच यायला हवा होता. रूमॅटॉइड फॅक्टरच (संधिवातात रक्तात सापडणारी अँटिबॉडी) लॅटेक्सच्या कणांना एकत्र बांधत होता. वेगळ्या पद्धतीच्या किटवर डी-डायमर नॉर्मल निघाला.

आकडा वाढला म्हणजे गाठ आहेच असं नाही. गरोदरपण, ऑपरेशन, जंतुसंसर्ग, कॅन्सर, सगळ्यांत तो वाढतो. ज्याच्यात गाठीची शक्यता मुळातच कमी, त्याचा निगेटिव्ह रिपोर्ट मात्र खरा कामाचा. पन्नाशीनंतर बरेच डॉक्टर वय गुणिले 10 (एफईयूमध्ये) हा कटऑफ धरतात, म्हणून रिपोर्टवर वय चुकता कामा नये.

दुधासारखा पांढरट, चरबीचा प्लाझ्मा आला की अजूनही अडतं. मशीनला तो मुळातच गढूळ दिसतो, आणि तेव्हा पुन्हा उपाशीपोटी सॅम्पल मागवावं लागतं.